अंजिरांमधली दोरी

आमच्या वस्तीत घर आधी दोरीचे होई आणि मग दगडाचे. जागा मुक्रर झाली की गवंडी काथ्याची जाड दोरी आणि लाकडी खुंट्या घेऊन येई आणि साऱ्या घराचा आराखडा जमिनीवर जसाच्या तसा आखून देई. इथे स्वयंपाकघर, इथे निजायची खोली, इथे दार. त्यानंतर वर्षभर एकही दगड रचायचा नाही. ऊन कुठून शिरते, वारा कुठे अडतो, पाणी कुठे मुरते आणि कुठे तुंबते, गुरांची रोजची वाट कोणत्या भिंतीने मोडते, हे सारे त्या वर्षात पाहून घ्यायचे.

या दोरीचा एक नियम होता आणि तो आजही आहे. घर चुकीच्या जागी पडते आहे असे ज्याला वाटेल त्याने दोरी उचलावी आणि त्याच्या मते योग्य त्या जागी नेऊन ठोकावी. कोणी हलवली हे विचारायचे नाही. विचारले की भाऊबंदकी सुरू होते, आणि जमिनीचा प्रश्न बाजूला राहून कोण कोणाला काय म्हणाले याचाच निवाडा करीत बसावे लागते. हलवलेली दोरी एखाद्या घराच्या मालकीच्या रानात पडली, तर त्या घरच्या कर्त्या माणसाने त्याच दिवशी गुरे परतण्याच्या आत ती गुंडाळून ठेवावी. गुरे परतली आणि दोरी तिथेच असली, तर त्याची हरकत नाही असे समजायचे.

मला या वस्तीत लहानथोर सगळे वहिनी म्हणतात. थोरल्या घरची थोरली सून म्हणून आले, तेव्हा दिरांची वहिनी झाले, आणि मग बघता बघता साऱ्या गावाचीच. सासूबाईंच्या पश्चात, वस्तीच्या जमिनीचे निर्णय जिथे होतात त्या बैठकीत त्यांची खुर्ची मला मिळाली. मी ती मागितली नव्हती; परंतु दुसरे कोणी तिच्यावर बसायला पुढेही आले नाही.

ते दिवस आठवले की मला आधी दोरीची घरेच दिसतात. बायका तिथे दुपारी खरोखर राहायला जात. स्टूल न्यावे, भाजी निवडायला न्यावी, चुलीच्या जागी बसून पाहावे की धूर कोणाच्या अंगणात जातो. येणारा-जाणारा दाराच्या जागी थांबून हाक मारी. भिंतीच्या जागेवरून पाय टाकून जाणे याइतका असभ्यपणा दुसरा नव्हता. सुताराच्या थोरल्या मुलाचे नवे लग्न झाले होते. तो आणि त्याची बायको दोरीच्या घरात एकदा कडाकडा भांडले. समोरच्या बांधावर आम्ही पाचसहा जणी शेंगा सोलत बसलो होतो. सोलायच्या संपल्या तरी कोणी उठेना. शेवटी तिने रागारागाने दाराच्या जागी आडवी दोरी बांधली आणि आत पाठ करून बसली. तो बिचारा बाहेर उभा. एक पाऊल उचलले असते तर आत गेला असता, परंतु संध्याकाळपर्यंत काही त्याने दोरी ओलांडली नाही.

माझे स्वतःचेही एक दोरीचे घर होते.

आमच्या वाट्याच्या रानात, खालच्या कुरणाच्या वरच्या अंगाला, एक कोरडा खडकाळ उतार आहे. लग्नाला दोनेक वर्षे झाली असतील. मोठ्या घरात माणसे मावत नव्हती, तेव्हा यांनी सासूबाईंना विचारून त्या उतारावर दोरी आखून घेतली. मी दुपारची कामे आटोपून तिथे जाऊन बसे. पश्चिमेचे ऊन निजायच्या खोलीत लांबवर येई. मी सपाट दगड एकावर एक रचून एक फळी केली होती आणि तिच्यावर पितळेचा एक पेला नेऊन ठेवला होता, तो केवळ फळीवर काहीतरी असावे म्हणून. हे कधी संध्याकाळी येत, दाराच्या जागी थांबून खाकरत, आणि मी "या" म्हटल्याखेरीज आत येत नसत. मोठ्या घरात आम्हा दोघांना नीट बोलायलाही जागा नव्हती. जे काही बोललो ते तिथेच, चहूबाजूंनी उघड्यावर.

वर्ष संपत आले असता एका सकाळी मी पाहिले, तर दोरी नीट वेटोळी करून आमच्या अंगणातल्या खुंटीला टांगलेली होती. पेलाही शेजारी ठेवलेला. सासूबाई ओसरीवर पीठ चाळीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी विचारले नाही. नियमच तसा होता, आणि नियम नसता तरी त्या काळी सुनेने विचारले नसते. हे दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुठूनशा अंजिराच्या फांद्या आणून त्यांनी त्या उतारावर लावल्या आणि मला एवढेच म्हणाले, "मोकळी जागा राहिली की सारखं लक्ष जातं." फांद्यांची झाडे झाली, झाडांची दाटी झाली. हे गेल्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. अंजिरे मात्र अजून दरसाल पिकतात, आणि पाखरांच्या आधी ती मीच उतरवून आणते.

हे सारे इतक्या विस्ताराने सांगते आहे, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

तीन उन्हाळ्यांपूर्वी जिल्ह्याच्या कचेरीतून नियोजनाचे साहेब आले. तरुण होते, नम्र होते, आणि त्यांच्याजवळ आमच्या वस्तीचा एक रंगीत नकाशा होता. पुढच्या काळात कुठे घरे, कुठे शेती, कुठे रान, हे त्यांना ठरवून द्यायचे होते. बैठकीच्या खोलीत टेबलावर नकाशा पसरला तेव्हा आमच्या खालच्या कुरणावर विटकरी रंग दिलेला मी पाहिला.

"आजी, हा रंग म्हणजे घरं," साहेब म्हणाले. "सपाट आहे, रस्त्याला लागून आहे. सगळ्यात सोयीची जागा."

"आजी मी माझ्या नातवंडांची," मी म्हटले. "तुम्ही वहिनी म्हणा. आणि रंग द्यायच्या आधी कुरणात चालून आलात का?"

"रस्त्यावरून पाहिलं."

"रस्त्यावरून आमचीही तब्येत उत्तम दिसते," माझी धाकटी जाऊ मागून म्हणाली आणि खोली हसली. माझी ही जाऊ आयुष्यभर माझ्या पाठीमागच्या खुर्चीवर बसत आली आहे, आणि बोलणे मात्र तिचेच आधी ऐकू येते.

साहेबांचे म्हणणे अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही. वस्तीला घरे हवीच होती. तरुण मंडळी शहराकडे जात होती, शाळेत एकाच खोलीत सारे वर्ग बसत होते. आणि माझ्या घरातच त्याचे उत्तर अडकून पडले होते. माझी नात जनावरांची डॉक्टर झाली होती. तिला आणि तिच्या नवऱ्याला इथे येऊन राहायचे होते; आठ गावांत मिळून जनावरांचा एकही डॉक्टर नव्हता. मोठ्या घरात ती राहिली नसती, आणि खरे सांगायचे तर मीही तिला तसे सांगितले नसते. शहरातल्या एका घराचे तिच्या नवऱ्याने बोलून ठेवले होते. पुढच्या उन्हाळ्यात जिल्ह्याची शेवटची सुनावणी होती. तोवर वस्तीत जागा ठरून ती आराखड्यात आली तर ती इथे येणार, नाहीतर शहरातले घर घेणार, आणि एकदा तिकडे घर झाले की मग ती सणासुदीची पाहुणी, हे आम्हा सगळ्यांना दिसत होते.

"तर मग कुरणाच्या काठावर नातीचं घर दाखवू या," साहेब म्हणाले.

"दाखवू. आधी दोरी," मी म्हटले.

त्यांना समजावून सांगावे लागले. ऐकून ते गोंधळले. "वहिनी, एवढ्यासाठी वर्षभर थांबायचं?"

"तुमच्या कचेरीत एक कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायला किती लागतं?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तेवढंच लागतं," ते म्हणाले.

मी नाही म्हटले असते तर कुरणावरचा रंग तिथल्या तिथे पुसला गेला असता. माझा शब्द मोडायची आमच्याकडे रीत नाही. परंतु माझ्या शब्दावर पुसलेला रंग माझ्या पश्चात पुन्हा भरला गेला असता. म्हणून कुरणाच्या काठाशी गवंड्याने दोरी आखली, आणि मी बैठकीत सांगितले की बघू या काय होते ते.

नात सुटीच्या दिवशी येई आणि दोरीत राही. चटई अंथरून पुस्तक वाची, तिचा नवरा खिडकीच्या जागी उभा राहून मोबाइलला सिग्नल येतो का ते बघे. त्याला आमची रीत मनापासून आवडली होती. फक्त तो फार उंच होता आणि दारातून येताना न चुकता मान वाकवी. वर काहीच नसताना वाकणाऱ्या त्या माणसाचे आम्हा सर्वांना फार कौतुक वाटे.

थंडी सरली आणि कुरणाने आपले काम सुरू केले. त्याचे पाणी वरून येत नाही, खालून येते. डोंगरात मुरलेले सारे त्या दिवसांत कुरणाच्या मुळाशी येऊन थांबते, आणि पुढे उन्हाळाभर आमच्या विहिरी त्याच्यावर चालतात. आधी नातीच्या स्वयंपाकघरात गवत जास्तच हिरवे दिसू लागले. मग चटई ओली होऊ लागली. मग एका सकाळी आम्ही गेलो, तर निजायच्या खोलीत बेडूक.

"डॉक्टरीणबाई, पहिला रोगी आला बघ," जाऊ म्हणाली.

नात हसली, परंतु तिचा चेहरा उतरला होता. "आजी, इथे भराव घालून घर होतं. साहेब म्हणाले होते."

"घर होतं," मी म्हटले. "मग हे पाणी कुठे जाईल?"

ती विहिरींच्या दिशेने पाहत राहिली. तिला उत्तर ठाऊक होते. आमच्याच घरची मुलगी ती. "मग कुठे?" एवढेच ती म्हणाली.

पलीकडे चराईचे सामाईक रान, ते तोडायचे नाही हे ठरलेले. वर गवंड्याचा मळा, तो उभा कडाच. उरता उरला माझा अंजिरांचा उतार: कोरडा, पक्का, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. साऱ्या वस्तीला तो दिसत होता. दोरी उचलून तिकडे न्यायला एका माणसाची पाच मिनिटे पुरली असती. दिवसांमागून दिवस गेले, दोरी चिखलात तशीच राहिली. वहिनीच्या अंजिरांत खुंटी ठोकायची छाती कोणाची नव्हती, आणि मला त्याचे बरे वाटत होते, हेही लिहून टाकते.

सुनावणी चार दिवसांवर आली असता जाऊ सकाळीच धापा टाकीत माझ्या स्वयंपाकघरात आली.

"जाऊबाई, उठा. दोरी हलली."

"कुठे?"

"तुम्ही बघाच चला. मी बोलले की म्हणाल हिने तिखटमीठ लावलं."

आम्ही उतारावर पोचलो तेव्हा अर्धी वस्ती बांधाशी उभी होती आणि कोणीच कोणाकडे बघत नव्हते. दोरी माझ्या अंजिरांत होती. झाडांच्या बुंध्यांना वळसे घेत ती चौफेर ताणली होती, आणि मधूनमधून खुंट्या. परंतु असे घर मी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. एक कोपरा टोकदार, एक खोली अशी की तिच्यात माणूस उभाच राहावा. गवंडी कपाळाला आठ्या घालून त्याचा अर्थ लावीत होता.

"हे इथे कोठार असावं," तो म्हणाला.

"आणि दार?" जाऊने विचारले.

सगळ्यांनी चारी बाजूंनी पाहिले. दार नव्हते.

"मागून असेल," कोणीतरी म्हणाले.

"मागून खडक आहे."

"म्हणजे ज्याने कोणी केलं त्याला म्हणायचं असेल, जागा वहिनींनी दिली तर दार वहिनीच ठेवतील," गवंडी गंभीरपणे म्हणाला, आणि बांधावरच्या माना त्याच गंभीरपणे हलल्या.

मी घरी आले. माझा संशय कोणावर होता ते सांगायला नकोच. नातीची आई, म्हणजे माझी सून, गेले कित्येक दिवस माझ्यासमोर जरुरीपेक्षा अधिक नम्रतेने वावरत होती.

ती कणीक मळीत होती. "आई, चहा टाकू का?"

"टाक."

"साखर?"

"रोज घालतेस तेवढीच. आज काही निराळं आहे का?"

"नाही बाई. काय निराळं असणार?" ती कणकेकडे बघत म्हणाली. मग जरा थांबून, "उतारावर गेला होतात म्हणे."

"गेले होते."

"हं," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी नियम पाळला. त्या दिवशी कणीक इतकी मळली गेली की तिचे काही करता येईना. पाठमोरी उभी राहून खाली पाहणाऱ्या त्या बाईकडे मी बघत होते, आणि मला एकाएकी ओसरीवर पीठ चाळणाऱ्या सासूबाई आठवल्या. फरक इतकाच की त्या वेळी दोरी काढली गेली होती आणि आता घातली गेली होती. दोन्ही वेळा माझ्यावरच.

दुपारी मी एकटीच वर गेले. अंगात राग होता, हात शिवशिवत होते. दोरी गुंडाळायला अर्धी घटका पुरे. गुंडाळली असती तर कोणी अवाक्षर बोलले नसते. नात शहरात गेली असती, अंजिरे राहिली असती, आणि नियमाप्रमाणे मी पूर्ण बरोबर ठरले असते. मी पहिली खुंटी धरली. तेवढ्यात मला नात दिसली. ती दोरीच्या बाहेर खडकावर बसली होती. आत गेली नव्हती.

"आत का नाही बसलीस?" मी विचारले.

"दार नाहीये," ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी टेकले. खाली कुरण पाण्याने चकाकत होते. "आजी, मी हे कोणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "आईलाही नाही. तू काढून टाकलीस तरी मला राग येणार नाही. ही आजोबांची झाडं आहेत, मला माहितेय."

"तुला काय माहितेय?"

"हेच, की आजोबांनी लावली."

तिला तेवढेच माहीत होते. तिथे एकेकाळी काय होते ते सांगणारे माझ्याशिवाय आता कोणी उरले नव्हते. मी तिला फळीची जागा दाखवली. पेल्याचे सांगितले. हे खाकरत ते सांगितले. ऐकता ऐकता तिने हळूच विचारले, "मग दोरी काढली कोणी?"

"ते विचारायचं नसतं."

"पण तुला वाटतं कोणी?"

मी उत्तर देणार, तोच खालून माणसांचा आवाज आला. नियोजनाचे साहेब बांधावरून घाईघाईने चढत येत होते. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, मागे माझी जाऊ, गवंडी, सूनबाई आणि झाडून सारी वस्ती.

"वहिनी, माफ करा," ते धापा टाकीत म्हणाले. "मी सकाळीच येणार होतो. तुमची दोरी..."

"दोरीचं काय?"

"काल सुनावणीच्या आधी एकदा कुरण चालून बघावं म्हणून आलो होतो. तुम्ही म्हणाला होतात. गाडी रस्त्यावरून जराशी खाली घेतली आणि ती रुतली. आसपास कोणी दिसेना. मग तुमची दोरी काढली, तिहेरी केली, ड्रायव्हरने आणि मी गाडी ओढून काढली. दोरी चिखलाने भरली. तशीच ठेवली तर कुजेल, म्हणून वर या झाडांना वाळत घातली. खुंट्या हरवतील म्हणून जवळच ठोकून ठेवल्या. आज जशीच्या तशी लावून देणार होतो."

गवंडी त्या टोकदार कोपऱ्याकडे पाहत होता.

"वाळत," जाऊ म्हणाली.

"हो."

"म्हणजे ते कोठार नव्हे."

"कोणतं कोठार?" साहेबांनी विचारले, आणि मग माझी जाऊ जी हसायला लागली ती बांधावर बसलीच. तिच्यामागून सारी वस्ती हसली. गवंडीही शेवटी हसला. अख्खे गाव दिवसभर माणसाच्या धुण्यातून त्याचे मत वाचीत बसले होते. साहेब कावरेबावरे होऊन सगळ्यांकडे बघत होते आणि पुन्हा पुन्हा माफी मागत होते.

"चला, जाऊबाई सुटल्या," जाऊ डोळे पुशीत म्हणाली.

हसली नाही ती एकटी सूनबाई. तिच्याकडे पाहिले तेव्हा मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, दोरी तिने हलवली नव्हती. दुसरी, दोरी कोणीतरी हलवली म्हणून सकाळपासून ती त्या अज्ञात माणसाला मनातल्या मनात दुवा देत होती. सकाळभर मी तिच्या पाठीवर जो आरोप ठेवून बसले होते, त्याच्यामागे वाळत घातलेली दोरी होती. आणि मग साहजिकच मला ती दुसरी दोरी आठवली, अंगणातल्या खुंटीला नीट वेटोळी करून टांगलेली. सासूबाईंनी मान वर केली नव्हती, एवढाच काय तो माझा पुरावा. पीठ चाळताना मान वर कोण करते? कदाचित गुरांनी तुडवलेली दोरी कोणी वाटसरूने उचलून आणून दिली असेल. कदाचित त्यांनीच काढली असेल. सासूबाईंना जाऊन पुष्कळ वर्षे झाली आहेत, आणि आता विचारायची मुभा असती तरी सांगायला कोण आहे?

साहेबांनी खाली वाकून खुंटीला हात घातला. नातही उठली आणि दुसऱ्या टोकाने दोरी सोडू लागली. तिचे हात अगदी स्थिर होते. गाठ सोडताना तिने माझ्याकडे पाहिले नाही.

"थांबा," मी म्हटले.

सगळे थांबले.

"साहेब, ती खुंटी ठेवा खाली. गवंडी कुठे आहे? असा पुढे ये. ही काय घराची आखणी झाली? हा कोपरा काटकोनात घे. निजायची खोली पश्चिमेला धर, ऊन लांबवर आलं पाहिजे. आणि दार इकडे, रस्त्याच्या अंगाला. मोठं ठेव. जावईबापू उंच आहेत."

गवंडी जागचा हलला नाही. "वहिनी, पण ही दोरी तर कोणी हलवलेलीच नाही."

"आता मी हलवते आहे," मी म्हटले. "आणि कोणी हलवली हे कधी कोणी विचारायची गरज पडू नये, म्हणून सगळ्यांच्या देखत हलवते आहे. ठोक खुंटी."

त्याने खुंटी ठोकली. साहेबांनी विचारले की आराखड्यात हे कसे दाखवू, वर्ष तर अजून व्हायचे आहे. मी म्हटले, ठिपक्यांनी दाखवा, आणि कुरणावरचा तो विटकरी रंग पुसून हिरवा करा. त्यांनी नकाशा गाडीतून तिथेच आणवला आणि खडकावर पसरून तसे केले. सुनावणीत ते आमच्या बाजूने स्वतः बोलले, आणि चांगले बोलले. रुतलेली गाडी माणसाला पुष्कळ शिकवते, असे जाऊचे म्हणणे आहे. शहरातल्या घराचे नातीच्या नवऱ्याने त्याच आठवड्यात रद्द केले. पुढचे वर्ष ती दोघे अंजिरांच्या दोरीत राहिली. त्या वर्षात दोरी कोणी हलवली नाही.

भिंती उठायच्या आधी झाडे काढायची होती. सगळी नव्हे, जी भिंतींखाली येत होती तेवढी. गवंडी कुऱ्हाड घेऊन आला आणि कोणत्या झाडापासून सुरुवात करू म्हणून घुटमळत उभा राहिला. मी त्याला त्या झाडाशी नेले, जे निजायच्या खोलीत येत होते. त्याची पहिली फांदी मी स्वतःच्या हाताने वाकवून धरली. घाव पडला तसा पांढरा चीक माझ्या बोटांवर ओघळला. अंजिराचा चीक अंगाला लागला की आग होते, हे मला ठाऊक होते. इतकी वर्षे फळे मीच उतरवीत आले आहे. तरी मी फांदी सोडली नाही, आणि ती तुटून हातात येईपर्यंत तशीच उभी राहिले.

घरी आले तेव्हा बोटे लाल झाली होती. सूनबाईने पाहिले. तिने काही विचारले नाही. तेलाची वाटी आणली, माझ्यासमोर जमिनीवर बसली, आणि माझा हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळत राहिली.